तलवार की कुऱ्हाड? फाशांच्या गणिताचा निवाडा

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. समोर कागद, पेन्सिली आणि रत्नांसारखे पैलू पाडलेले रंगीबेरंगी फासे. त्यांपैकी एकाचा योद्धा शस्त्रे विकणाऱ्या दुकानात उभा आहे. त्याच्यापुढे दोन शस्त्रे आहेत : दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार आणि तशीच मोठी कुऱ्हाड. तलवारीचा घाव मोजण्यासाठी सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे, कुऱ्हाडीसाठी बारा पैलूंचा एकच. दोन्हींचा सर्वांत मोठा घाव १२ गुणांचा. मग निवड कशाची करावी? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या चाहत्यांमध्ये २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून हा वाद अधूनमधून उफाळून येतो. वरवर पोरकट वाटणाऱ्या या प्रश्नामागे संभाव्यतेच्या गणिताचा एक सुरेख धडा दडलेला आहे.

हा खेळ लुडो किंवा सापशिडीसारखा पटावर संपणारा नव्हे. एक जण सूत्रधार होतो, कथा सांगतो, राक्षस आणि गावकरी उभे करतो. इतर जण त्या कथेतील एकेका पात्राची भूमिका घेतात. पात्राने काय करायचे हे खेळाडू ठरवतो. ते साधले की नाही हे फासा ठरवतो. लढाईत दोनदा दान टाकावे लागते. आधी वीस पैलूंचा फासा : त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवून येणारी बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा जास्त झाली, तर वार लागला. मग शस्त्राचा फासा : जेवढे दान पडेल तेवढे गुण शत्रूच्या प्राणबळातून, खेळाच्या परिभाषेत ‘हिट पॉइंट’मधून, वजा होतात. पहिल्या दानात शस्त्राशस्त्रांत फारसा फरक नसतो. शस्त्राचे वेगळेपण दिसते ते दुसऱ्या दानात.

खेळाच्या आरंभी हे वेगळेपण नव्हतेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा खंजीर असो वा दोन हातांची तलवार, घाव सहा पैलूंच्या एकाच फाशाने मोजला जाई. त्याचे मूळ गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ सालच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात होते. तिथे छोट्या शिपायांच्या फौजा लढत आणि वार लागला की साधा शिपाई पडे. नव्या खेळात सामान्य माणसाचे प्राणबळही सहा पैलूंच्या एकाच फाशाने ठरू लागले. म्हणजे एक फासा माणसाच्या आयुष्याचा, एक त्याच्यावरील घावाचा. घावाचे दान प्राणबळाइतके किंवा त्याहून अधिक पडण्याचे ३६ पैकी २१ प्रकार होतात, म्हणजे एका घावात मरण्याची शक्यता ५८ टक्के. खंजिराने झालेला मृत्यूही मृत्यूच, या विचारात एक प्रकारचे शहाणपण होते. पण त्यामुळे जड आणि महागडी तलवार घेणारा खेळाडू मूर्ख ठरे.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शस्त्रांना वेगवेगळे फासे वाटून दिले. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ही व्यवस्था पूर्ण विस्ताराने आली. खंजिराला चार पैलूंचा फासा, लांब तलवारीला आठ, दोन हातांच्या तलवारीला दहा. शिवाय राक्षस माणसाहून मोठा असेल तर फासे बदलत : लांब तलवारीला बारा पैलू मिळत, दोन हातांच्या तलवारीला सहा पैलूंचे तीन फासे. सरासरी साडेपाचवरून थेट साडेदहावर जाई. प्रत्येक शस्त्र कोणत्या चिलखतावर किती परिणामकारक, याचेही एक कोष्टक होते; बहुतेक टेबलांवर ते सोयीस्करपणे विसरले जाई. गायगॅक्स यांना लांब दांड्याच्या शस्त्रांचे विलक्षण वेड असावे. बार्डिश, फोशार्ड, ग्लेव्ह, गिझार्म, स्पेटम अशी नावे त्यांनी पानभर भरली. परंतु खेळाडूंनी उचलली ती बहुधा लांब तलवारच. तिचा फासा चांगला, आणि कथेत सापडणाऱ्या जादूच्या शस्त्रांतही दुसऱ्या कोणत्याही एका शस्त्रापेक्षा तीच अधिक वेळा निघे. आठ पैलूंच्या फाशाची ही तलवार मराठी अर्थानेही ‘अष्टपैलू’ ठरली, आणि यादीतील निम्मी शस्त्रे कागदावरच गंजली.

शस्त्रांचा समतोल हा प्रश्न इथून सुरू होतो. कल्पनेच्या जगात एखाद्याला भालाधारी मावळा व्हावेसे वाटेल, दुसऱ्याला कुऱ्हाड पेलणारा उत्तरेकडील रानवट योद्धा. गणिताने एकच शस्त्र श्रेष्ठ ठरवले, तर बाकीच्यांनी हौसेपोटी दर लढाईत थोडा दंड भरत राहायचा. आणि सगळी शस्त्रे तंतोतंत सारखी केली, तर निवडीला काही अर्थच उरत नाही. शस्त्रे वेगळी असावीत पण कमी-जास्त नसावीत, ही अपेक्षा लिहायला सोपी आहे. आकड्यांत उतरवायला भलतीच अवघड.

सरासरीच्या पलीकडे

आता तलवार आणि कुऱ्हाडीकडे परत यावे. बारा पैलूंच्या फाशाची सरासरी साडेसहा, सहा पैलूंच्या दोन फाशांची सात. अर्ध्या गुणाने तलवार पुढे. वाद मिटला असे वाटते. पण सरासरी अर्धेच सांगते. बारा पैलूंच्या फाशावर १ पासून १२ पर्यंत प्रत्येक अंक सारख्याच शक्यतेने येतो, दर अंकास १२ त १. दोन फाशांच्या बेरजेचे तसे नाही. १२ येण्यासाठी दोन्हींवर षटकारच हवा, म्हणजे ३६ त एकच प्रकार. ७ मात्र सहा प्रकारांनी येतो. दाने मध्याभोवती गोळा होतात. कुऱ्हाड एखादे वेळी कपाळमोक्ष करते आणि एखादे वेळी नुसती खरचटवते. तलवार नेमाने मध्यम घाव घालते.

याचा परिणाम काय होतो, हे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील दोन नेहमीच्या शत्रूंवरून पाहता येते. त्या आवृत्तीत साध्या गॉब्लिनचे प्राणबळ ७, ऑर्कचे १५. योद्ध्याच्या ताकदीचे ३ गुण प्रत्येक घावात मिळतात असे धरू. वार लागला आहे; गॉब्लिन एका घावात पडेल का? फाशावर ४ किंवा अधिक हवेत. तलवारीने हे ३६ पैकी ३३ प्रकारांत साधते, म्हणजे जवळपास ९२ टक्के. कुऱ्हाडीने १२ पैकी ९, म्हणजे ७५ टक्के. तलवारीचा स्पष्ट विजय, आणि तो अर्ध्या गुणाच्या सरासरीतून मुळीच समजत नाही.

ऑर्कपुढे चित्र उलटते. त्याला एका घावात लोळवायचे तर १२ च पडायला हवेत. तलवारीची शक्यता ३६ त १, कुऱ्हाडीची १२ त १, म्हणजे तिप्पट. सरासरीत मागे असलेली कुऱ्हाड इथे पुढे जाते. मात्र दोन घावांची मुभा मिळाली की तलवार पुन्हा बाजी मारते. चार फाशांची बेरीज ९ किंवा अधिक होण्याची शक्यता सुमारे ९४.६ टक्के, बारा पैलूंच्या दोन फाशांची ८०.६ टक्के. म्हणजे कोणते शस्त्र चांगले, या प्रश्नाला शत्रूचे प्राणबळ आणि हाताशी असलेले वार सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. शक्यता फार कमी असेल तेव्हा विखुरलेली दाने उपयोगी पडतात; काम जवळपास होत आलेले असेल तेव्हा नेमकेपणा.

हे गणित या खेळाने शोधलेले नाही, हे उघड आहे. तीन फाशांची बेरीज ९ पेक्षा १० अधिक वेळा का पडते, हे कोडे गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी सोडवले होते : २१६ प्रकारांपैकी ९ चे २५ आणि १० चे २७. आपल्याकडील पच्चीशीच्या खेळातही दुर्मीळ दानाला मोठे मोल देण्याची युक्ती आहेच. सहा कवड्यांच्या प्रचलित नियमात एकही कवडी उताणी पडली नाही, तर २५ घरे मिळतात आणि खेळाला नावही त्या दुर्मीळ दानावरूनच पडले आहे.

विशीचा मोह

दुर्मीळ दानाला मोठे बक्षीस, हीच कल्पना या खेळात ‘क्रिटिकल हिट’ म्हणून आली. वीस पैलूंच्या फाशावर २० पडले की घाव दुप्पट. गायगॅक्स यांचा या नियमाला विरोध होता आणि १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्यांनी तो नोंदवला आहे. त्यांचा आक्षेप गणिती दृष्टीने वाजवी होता. राक्षस एका लढाईपुरता जगतो, खेळाडूचे पात्र शेकडो लढायांतून जाते. अनपेक्षित भयंकर घावाची शक्यता दोन्ही बाजूंना सारखी दिली, तरी तिची किंमत अखेर पात्रालाच मोजावी लागते. खेळाडूंना अर्थातच हा युक्तिवाद पटला नाही. फासा घरंगळत विशीवर थांबला की टेबलावर होणारा गलका कोणत्याही युक्तिवादापेक्षा मोठा असतो.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने या मोहाचेच समतोलाचे साधन केले, आणि ती या खेळाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत हुशार मांडणी म्हणावी लागेल. लांब तलवार आणि लढाईची कुऱ्हाड दोहोंना आठ पैलूंचाच फासा मिळाला. तलवार १९ किंवा २० वर दुप्पट घाव घालते. कुऱ्हाड फक्त २० वर, पण तिप्पट. तलवारीला वीसात दोनदा एकपट जादा, कुऱ्हाडीला वीसात एकदा दुप्पट जादा. हिशेब दोन्हीकडे दहा टक्क्यांचाच. साडेचारची सरासरी दोन्हींसाठी ४.९५ होते, पण हातात घेतल्यावर शस्त्रे वेगळी वाटतात.

त्या आवृत्तीत आणखी एक अट होती. असे दान पडल्यावर पुन्हा एकदा फासा टाकून वार ‘पक्का’ करावा लागे. अनेकांना ती कटकट वाटली. उत्साहावर पाणी पाडणारी. पण तिचे काम बारकाईचे होते. ही अट नसेल, तर ज्या शत्रूवर ५५ टक्के वार लागतात त्याच्याविरुद्ध तलवारीच्या या विशेष दानामुळे एकूण घाव १८ टक्क्यांनी वाढतो. पण ज्याच्यावर फक्त १९ आणि २० लाच वार लागतो, त्याच्याविरुद्ध सरळ दुप्पट होतो. म्हणजे चिलखत जितके भक्कम, तितका लागलेला प्रत्येक वार भयंकर! दुसरे दान त्याच चिलखताविरुद्ध टाकायला लावल्याने ही वाढ जवळपास प्रत्येक शत्रूपुढे दहा टक्क्यांवर स्थिर राहिली.

तरीही फट राहिलीच. फॉल्शन या रुंद वक्र तलवारीला चार पैलूंचे दोन फासे आणि १८ ते २० ही विशेष दाने मिळाली होती. शस्त्राची जादूची धार आणि योद्ध्याचे खास कौशल्य, दोन्ही ही मर्यादा वाढवत, आणि आरंभीच्या नियमांत दोन्ही एकत्र लागू होत. मग १२ ते २० यांपैकी कोणतेही दान विशेष ठरे, वीसात नऊ वेळा! ताकद आणि जादूमुळे प्रत्येक घावात तेरा किंवा अधिक गुण मिळू लागले की सरासरी पाचची फॉल्शन सरासरी सातच्या मोठ्या तलवारीला मागे टाकी. २००३ च्या सुधारित आवृत्तीने दोन्ही वाढी एकत्र घेण्यास मनाई केली.

पणाला लावलेली अचूकता

पाचव्या आवृत्तीने पक्के करण्याचे दान काढून टाकले आणि विशेष दान २० पुरते ठेवले. तिथे समतोल बिघडला तो वेगळ्याच ठिकाणी. अवजड शस्त्रे वापरणाऱ्याला एक कौशल्य घेता येई : वार लागण्याच्या दानातून ५ वजा करायचे, लागलाच तर घावात १० मिळवायचे. वीस पैलूंच्या फाशावर ५ म्हणजे २५ टक्के. साधा घाव सरासरी १० चा असेल, तर मूळ शक्यता ५० टक्क्यांवर असताना हा सौदा बरोबरीत सुटतो आणि त्याहून अधिक असेल तर फायद्यात. पण याच आवृत्तीत अनुकूल परिस्थितीत वीस पैलूंचे दोन फासे टाकून मोठा घेण्याची सोय होती. तिच्यामुळे ५० ची शक्यता ७५ टक्के होते, आणि ५ वजा केल्यावर उरलेली २५ ची ४३.७५. हिशेब केला तर साध्या वाराला सरासरी ७.५, पण लावलेल्या वाराला ८.७५. ज्यांना हे उमगले त्यांनी अवजड शस्त्रे घेतली. ढाल-तलवारीचा पारंपरिक वीर त्याच टेबलावर हळूहळू दुय्यम झाला. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधून ही वजाबाकी-बेरीज गेली.

सगळ्याच खेळांनी वीस पैलूंची सपाट शक्यता स्वीकारली नाही. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये सहा पैलूंचे तीन फासे टाकून बेरीज कौशल्याइतकी किंवा कमी यावी लागते. तिथे १० चे कौशल्य ११ झाले की यश ५० वरून ६२.५ टक्क्यांवर उडी घेते, तर १४ चे १५ केल्यावर जेमतेम पाच टक्क्यांची भर पडते. नवशिक्याला एकेक गुण मोलाचा, निष्णाताला जवळपास निरुपयोगी. प्रत्यक्ष हुन्नर शिकणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. तलवार-भाल्याचा भेदही तिथे वेगळा : चिलखत भेदून आत गेलेला घाव कापणारे शस्त्र असेल तर दीडपट, भोसकणारे असेल तर दुप्पट. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ या २००३ सालच्या खेळात फाशावर सर्वांत मोठा अंक पडला की तो पुन्हा टाकून बेरीज करतात. त्यातून एक गमतीदार विसंगती निघते. एकाच फाशावर ६ किंवा अधिक हवे असतील तर चार पैलूंचा फासा (१८.७५ टक्के) सहा पैलूंच्या फाशाहून (१६.६७ टक्के) सरस ठरतो!

हे सारे गणित फासा प्रामाणिक आहे असे धरून चालते. लू झोची हे अमेरिकन फासेनिर्माते अनेक दशके सांगत राहिले, की पिंपात घोळवून कडा गुळगुळीत केलेले फासे सारखे झिजत नाहीत. गंमत म्हणजे १९८५ साली आलेला त्यांचा स्वतःचा शंभर पैलूंचा, जवळपास चेंडूसारखा फासाच असमान दाने देतो असे चाचणीत आढळले. मात्र टेबलावर एखाद्याच्या फाशावर संशय घेण्याआधी थोडे थांबावे. वीस पैलूंचा निर्दोष फासा १०० वेळा टाकला, तरी एखादा अंक एकदाही न पडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. शंभर दानांत कोणता तरी एक अंक एकदाही न आल्याने मित्रावर वा फाशावर आळ घेणे गणिताला धरून नाही.

तलवार-कुऱ्हाडीच्या वादात २०२४ च्या नियमांनी नवी भर घातली. आता मोठ्या तलवारीचा वार हुकला तरी ताकदीइतके गुण शत्रूला लागतात. मोठ्या कुऱ्हाडीचा वार लागला तर शेजारच्या दुसऱ्या शत्रूवरही एक वार करता येतो. ६५ टक्के वार लागतात असे धरल्यास एकट्या शत्रूविरुद्ध तलवारीची सरासरी ७.५५, कुऱ्हाडीची सुमारे ६.२. शेजारी दुसरा शत्रू उभा असेल, तर कुऱ्हाडीची एकूण सरासरी ८.९ वर जाते. गर्दीत कुऱ्हाड, द्वंद्वात तलवार, अशी वाटणी झाली.

याच सुमारास, २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये साध्या गॉब्लिन योद्ध्याचे प्राणबळ ७ वरून १० झाले. आता त्याला एका घावात पाडायला फाशावर ७ हवेत. तलवारीची शक्यता ९२ वरून ५८ टक्क्यांवर आली, कुऱ्हाडीची ७५ वरून ५० वर. तलवारीची आघाडी निम्मी झाली, आणि तीही तलवारीच्या फाशांना कुणी हात न लावता.